मेलेला लॉट, जिवंत लॉट: गॅलेक्टिन-३ च्या दोन कुप्यांचं प्रकरण

"मॅडम, नवा लॉट मेलेला आहे."

विद्यार्थिनीने एलायझाची, म्हणजे पेशींनी सोडलेला टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू मोजणाऱ्या चाचणीची, प्लेट उजेडासमोर धरली. पिवळा रंग जितका गर्द, तितका टीएनएफ जास्त. आम्ल घालून अभिक्रिया नुकतीच थांबवलेली होती. डावीकडचे तीन स्तंभ गर्द पिवळे: तिथे जुन्या लॉटचं प्रथिन दिलेल्या पेशींचं माध्यम होतं. उजवीकडचे तीन स्तंभ नव्या लॉटचे, जवळजवळ पाण्यासारखे. पेशी त्याच, मात्रा तीच, हातही तोच. बदललेली होती ती फक्त कुपी.

मी प्लेट बघितली आणि त्याच दुपारी पुरवठादाराला पत्र लिहिलं की हा लॉट निष्क्रिय आहे, बदलून द्या. हे प्रकरण त्या पत्रापासून सुरू होतं आणि ते पत्र मागे घेण्यापाशी येतं. मधल्या काळात जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं, कारण रिकॉम्बिनंट (पेशींत जनुक घालून बनवून घेतलेली) मानवी प्रथिनं विकत घेऊन पेशींवर टाकणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे घडू शकतं. आमच्याकडे ते आठ महिने घडत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आम्ही काय करत होतो, ते आधी. गॅलेक्टिन-३ हे मानवी प्रथिन बीटा-गॅलॅक्टोसाइड प्रकारच्या शर्करांना चिकटतं. जखम, दाह, तंतुमयता अशा अनेक ठिकाणी ते पेशींच्या बाहेर सापडतं. ते मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, चेतवतं का, चेतवत असेल तर कोणत्या मार्गाने, हा आमचा प्रश्न होता. टीएचपी-१ या मानवी पेशींना पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारखं बनवायचं, त्यांच्यावर दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम गॅलेक्टिन-३ घालायचं आणि बाहेर पडलेला टीएनएफ मोजायचा. जुन्या लॉटने टीएनएफ भरभरून येत होता. टीएलआर४ हा ग्राहक (पेशीवरचा संदेश पकडणारा रेणू) टीएके-२४२ या औषधाने बंद केला की तो थांबत होता. गॅलेक्टिन-३ टीएलआर४ ला बांधलं जातं असं सांगणारं संशोधन २०१५ मध्येच आलेलं होतं, त्यामुळे आमचं चित्र छान जुळत होतं. पोस्टरही तयार होतं.

कुपीत काय होतं

प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेलं होतं, आणि त्यात काही चूक नव्हती. मानवी प्रथिनांसाठी पेशी निवडताना पहिला प्रश्न असतो की या प्रथिनाला शर्करेची सजावट लागते का, डायसल्फाइड बंध नीट जुळावे लागतात का. गॅलेक्टिन-३ ला यातलं फारसं काही लागत नाही. त्याला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला स्रवणमार्गाला लावणारी खूण) नसतो. मानवी पेशीतही ते पेशीद्रव्यातच तयार होतं आणि नेहमीच्या स्रवणमार्गाला न जाता वेगळ्याच वाटेने बाहेर पडतं. त्यामुळे जिवाणूने बनवलेलं गॅलेक्टिन-३ नीट घडी पडलेलं आणि काम करणारं असतं. शुद्धीकरणही सोपं. लॅक्टोज, म्हणजे अशीच एक बीटा-गॅलॅक्टोसाइड शर्करा, लावलेल्या रेझिनच्या मण्यांवरून द्रावण सोडायचं, प्रथिन अडकतं, मग लॅक्टोजनेच सोडवून घ्यायचं.

लेबलवर चार गोष्टी छापलेल्या होत्या: शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक, ०.२२ मायक्रॉन गाळणीतून गाळलेलं, वाहक प्रथिन नाही, आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विषारी द्रव्य) दर मायक्रोग्रॅमला १ ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) पेक्षा कमी. चारही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही लॉटच्या बाबतीत खऱ्या होत्या. मला हे ठासून सांगायचं आहे, कारण या प्रकरणात कुणी फसवलेलं नाही.

यातली शुद्धता म्हणजे प्रथिनांमधली शुद्धता. आम्ही स्वतः दोन्ही लॉट जेलवर चालवले होते. कूमासी या रंगाने रंगवल्यावर ३० किलोडाल्टनच्या आसपास एकच निळा, रेखीव पट्टा. दोन्ही लॉटचे पट्टे शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत इतके सारखे. पण कूमासी प्रथिनाला रंगवतो. लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस), म्हणजेच ते एंडोटॉक्सिन, त्याला दिसतच नाही. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एलपीएसचे रेणू एकेका पेशीवर दशलक्षांच्या घरात असतात. प्रथिन मिळवायला पेशी फोडली की ते सगळं त्याच द्रावणात उतरतं आणि शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीत थोडं थोडं सोबत येत राहतं. गाळणी जिवाणू अडवते, पण एलपीएस तिच्यातून सहज पार होतं. "निर्जंतुक" आणि "एंडोटॉक्सिनमुक्त" हे शब्द आमच्या बोलण्यात इतके एकमेकांत मिसळलेले होते की त्यातला फरक माहीत असूनही डोळ्यांसमोर यायचा नाही.

आणि एलपीएसचा ग्राहक कोणता? तोच टीएलआर४.

पुरवठादाराचं उत्तर

उत्तर दोन दिवसांत आलं. त्यांचं म्हणणं असं, की या लॉटची जैविक चाचणी झालेली आहे, तांबड्या रक्तपेशींना तो व्यवस्थित एकमेकींशी चिकटवतो, आणि तुमच्या प्रयोगात टीएनएफ का आला नाही हे आम्ही सांगू शकत नाही. मला ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं. ते खोटं ठरवायचं म्हणून आम्ही तीच चाचणी लावली.

ही चाचणी जुनी आहे आणि बघायला सुंदर. गोल तळाच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) ट्रिप्सिन हे विकर लावलेल्या सशाच्या तांबड्या पेशी टाकायच्या. प्रथिन निष्क्रिय असेल तर पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि मधोमध एक घट्ट लाल ठिपका होतो. प्रथिन काम करत असेल तर ते पेशींना एकमेकींशी बांधतं, त्यांची जाळी होते आणि सगळा तळ फिकट लाल चादरीने झाकला जातो. तासाभराने प्लेट उचलली. दोन्ही लॉटच्या ओळींत चादर होती, त्याच विरलनापर्यंत. ज्या वेलमध्ये लॅक्टोज घातलं होतं तिथे दोन्हीकडे ठिपका. सुक्रोज (ही शर्करा गॅलेक्टिन धरत नाही) घातलेल्या वेलमध्ये पुन्हा चादर.

म्हणजे नवा लॉट मेलेला नव्हता. तो जुन्याइतकाच जिवंत होता, तरी टीएनएफ काढत नव्हता.

त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या. विद्यार्थिनीच्या वहीत सहा महिन्यांपूर्वीची एक नोंद होती: "५० मिलिमोलर लॅक्टोज घालूनही टीएनएफ कमी नाही. सुक्रोजसारखंच." खाली माझ्या अक्षरात लिहिलेलं: "कदाचित एन-टोकाच्या भागामुळे, शर्करा न लागणारी क्रिया?"

ही ओळ मला अजून टोचते. गॅलेक्टिन-३ चं सगळं नाव त्याच्या शर्करा धरण्यावर आहे. लॅक्टोजने तो खिसा भरून टाकला की रक्तपेशींची जाळी क्षणात सुटते. मग टीएनएफ का सुटत नाही, हा प्रश्न तिने सरळ समोर ठेवला होता आणि मी त्याला एक शास्त्रीय वाटणारं उत्तर चिकटवून पुढे गेले. गॅलेक्टिन-३ चा एन-टोकाचा भाग कोलॅजेनसारखा असतो, त्याने रेणूंचे समूह बनतात, हे खरं आहे. पण त्या क्षणी ते उत्तर नव्हतं, ती पळवाट होती.

मात्रेचा गुणाकार

आता एंडोटॉक्सिन मोजायचं ठरलं. चाचणी लिम्युलसची. हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क एलपीएसच्या स्पर्शाने गोठतो. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये ग्रॅम-ऋण (ई. कोलायही ज्यांत येतो त्या) जिवाणूंमुळे या प्राण्याचं रक्त गोठताना पाहिलं आणि पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्याची चाचणी बनवली. आता त्याच गोठण्यातला पहिला घटक, फॅक्टर सी, प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवता येतो आणि प्राण्याचं रक्त न काढताही मोजमाप होतं. आम्ही तोच वापरला. एका रिकॉम्बिनंट प्रथिनातली घाण दुसऱ्या रिकॉम्बिनंट प्रथिनाने शोधली, हे मला मनापासून आवडतं.

पहिल्या मोजमापात जुन्या लॉटचा आकडा अगदीच कमी आला आणि क्षणभर वाटलं की आपला संशय चुकला. पण नमुन्यात मुद्दाम ठरावीक एलपीएस घालून ते किती परत मिळतं हे बघायचं असतं, आणि साधारण ५० ते २०० टक्क्यांच्या मध्ये मिळालं तरच आकडा धरायचा. आमचं त्याहून बरंच कमी परत मिळालं. प्रथिन एलपीएसला झाकत होतं. गॅलेक्टिन-३ एलपीएसला बांधतं हे माहीत असलेलं आहे, तेव्हा नवल नव्हतं. नमुना शंभरपट पातळ केल्यावर वसुली ठीक झाली आणि खरा आकडा वर आला: दर मायक्रोग्रॅमला सुमारे ०.७ ईयू. नवा लॉट ०.०१ च्याही खाली.

०.७ हा आकडा प्रमाणपत्राच्या मर्यादेत आहे. मग बिघडलं कुठे? गुणाकारात. ई. कोलायच्या एलपीएससाठी १० ईयू म्हणजे ढोबळमानाने १ नॅनोग्रॅम. आम्ही मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम प्रथिन घालत होतो. म्हणजे ७ ईयू, म्हणजे ०.७ नॅनोग्रॅम एलपीएस, दर मिलिलिटरला, प्रत्येक वेलमध्ये. सीरम असलेल्या माध्यमात मॅक्रोफेजला टीएनएफ सोडायला इतकं पुरून उरतं. मोनोसाइट या रक्तातल्या पेशी तर काही दहा पिकोग्रॅमलाही जागे होतात.

हीच मर्यादा दुसऱ्या प्रयोगात अगदी निर्धोक आहे. समजा तुम्ही आयएल-४ हे सायटोकाइन (पेशींमधला संदेशवाहक) वापरताय, मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. लेबलवर तोच १ ईयूचा आकडा. गुणाकार केला तर ०.०२ ईयू, म्हणजे २ पिकोग्रॅम. बहुतेक पेशींना त्याचा पत्ताही लागणार नाही. सायटोकाइन आणि वाढघटक नॅनोग्रॅममध्ये काम करतात. लेबलवरची ही मर्यादा त्या मात्रेला साजेशी आहे. गॅलेक्टिन, हीट शॉक प्रथिनं (एचएसपी), एस१०० कुळातली प्रथिनं अशी मंडळी मायक्रोग्रॅममध्ये वापरली जातात आणि तिथे तोच आकडा शंभर ते हजारपट होऊन पेशींपर्यंत पोहोचतो. दर मायक्रोग्रॅमचा आकडा आपल्या मात्रेने गुणून दर मिलिलिटरचा काढायचा, इतकं साधं काम आम्ही आठ महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

उकळण्याचा घोटाळा

तरीही एक गोष्ट अडत होती. आम्ही अगदी सुरुवातीला उकळून पाहण्याचा नियंत्रण-प्रयोग केला होता. तर्क सगळ्यांना माहीत असतो: प्रथिन १०० अंशांवर मोडतं, एलपीएस मोडत नाही. काचेवरचं एलपीएस घालवायला कोरडी २५० अंशांची भट्टी अर्धा तास लागते. तेव्हा उकळून परिणाम गेला तर तो प्रथिनाचा. आमचा परिणाम उकळल्यावर निम्म्याहून खाली आला होता, आणि तुलनेसाठी उकळलेलं एलपीएस मात्र जसंच्या तसं काम करत होतं. याच निकालावर आम्ही निर्धास्त होतो.

वही पुन्हा उघडली. तुलनेचं एलपीएस आम्ही उकळलं होतं मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम या मात्रेत. खरं तर जुन्या लॉटमध्ये जितकं असू शकतं त्याच्या हजारपटीहून जास्त. त्या मात्रेत पेशी केव्हाच संपृक्त झालेल्या असतात. नव्वद टक्के एलपीएस नष्ट झालं तरी प्लेट तितकीच पिवळी दिसणार. तुलना करायची तर ०.७ नॅनोग्रॅमची करायला हवी होती. ती आता केली. तितकंसं एलपीएस उकळलं, आणि त्याचाही परिणाम निम्म्याहून खाली आला, अगदी जुन्या लॉटसारखाच.

इथे आम्ही काही नवीन शोधलं नव्हतं. रिकॉम्बिनंट मानवी एचएसपी७० बाबत नेमकं हेच झालेलं आहे. ई. कोलायमधून आलेलं एचएसपी७० मॅक्रोफेजमधून टीएनएफ काढतं असं काही वर्षं मानलं जात होतं आणि उष्णतेने परिणाम जातो हा त्याचा एक पुरावा होता. २००३ मध्ये दाखवलं गेलं की एलपीएस काढून टाकलेलं एचएसपी७० टीएनएफ काढत नाही, आणि तितक्या कमी मात्रेतलं एलपीएस उकळलं तर त्याचाही परिणाम तसाच घटतो. एचएसपी६० ची कथाही फार वेगळी नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलेलंही होतं. मात्र ते एचएसपीचं प्रकरण म्हणून डोक्यात एका खणात ठेवलेलं होतं आणि गॅलेक्टिनच्या खणाशी त्याचा संबंध मी जोडला नाही.

टीएके-२४२ चा निकालही आता वेगळा दिसू लागला. टीएलआर४ बंद केल्यावर परिणाम जातो, यातून मार्ग टीएलआर४ चा आहे एवढंच कळतं. त्या मार्गावर प्रथिन आलं की एलपीएस, हे त्यातून कळूच शकत नाही. टीएलआर४ नसलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या असत्या तरी तेच. आमचे सगळे महागडे प्रयोग या दोघांना वेगळं न करणारे होते. वेगळं करणारा प्रयोग एकच होता, लॅक्टोजचा, आणि त्याचा निकाल आम्ही समजावून बाजूला सारला होता.

शेवटची खात्री

आकडा जुळला म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही. म्हणून जुन्या लॉटमधलं एलपीएस काढून बघितलं. ट्रायटन एक्स-११४ हे साबणासारखं द्रव्य थंडीत पाण्यात विरघळलेलं राहतं आणि उबेत वेगळं होतं. प्रथिनाच्या द्रावणात ते बर्फावर मिसळायचं, मग ३७ अंशांवर ठेवायचं. नितळ द्रावण बघता बघता दुधाळ होतं आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी तेलासारखा एक छोटा थेंब बसतो. एलपीएस त्या थेंबात जातं, प्रथिन वर राहतं. हे तीनदा केलं आणि उरलेला ट्रायटन मण्यांवर शोषून घेतला, कारण तो पेशींना मारतो. तीच सगळी प्रक्रिया नुसत्या बफरवरही केली, म्हणजे पेशींवर काही झालं तर ते प्रक्रियेमुळे नाही हे कळावं.

धुतलेल्या जुन्या लॉटने रक्तपेशींची चादर पहिल्यासारखीच घातली. टीएनएफ मात्र नव्या लॉटइतकाच, म्हणजे जवळपास शून्य. धुतलेल्या प्रथिनात मोजून ०.७ नॅनोग्रॅम एलपीएस परत घातलं आणि प्लेट पुन्हा पिवळी झाली. न धुतलेल्या जुन्या लॉटमध्ये पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक घातलं तेव्हाही परिणाम बराचसा गेला. पूर्ण गेला नाही. पॉलिमिक्सिन एलपीएसच्या लिपिड ए भागाला पकडतं. जिवाणूची लिपोप्रथिनं टीएलआर२ वरून काम करतात, त्यांना ते अडवत नाही. राहिलेला अंश त्यांचा असू शकेल. त्याचा आम्ही अजून छडा लावलेला नाही.

पोस्टर मागे घेतलं. पुरवठादाराला दुसरं पत्र लिहिलं, पहिली तक्रार चुकीची होती असं स्पष्ट सांगून, आणि एक विनंती केली: मर्यादेऐवजी प्रत्येक लॉटचा मोजलेला आकडा कळवा. त्यांनी तो कळवायला सुरुवात केली आहे.

विद्यार्थिनीला वाईट वाटलं, साहजिकच. आठ महिन्यांचं काम होतं. पण तिच्या वह्यांत लॅक्टोजचा निकाल, लॉटचे क्रमांक, उकळण्याची मात्रा हे सगळं जागच्या जागी लिहिलेलं होतं, म्हणूनच हे उलगडता आलं. लॉट क्रमांक लिहिलेला नसता तर नवी कुपी, जुनी कुपी हा फरकच राहिला नसता आणि आम्ही "पेशींचा मूड" म्हणून सोडून दिलं असतं.

कामाची पद्धत थोडी बदलली. मायक्रोग्रॅममध्ये वापरायचं प्रथिन आता शक्य तिथे मानवी एचईके२९३ पेशींतलं घेतो. त्यात ई. कोलायचं आवरण मुळातच नसतं, तरी एंडोटॉक्सिन मोजतोच, कारण बफर, पाणी, प्लास्टिक यांतूनही ते येतं. ई. कोलायमधलंच घ्यावं लागलं तर मोकळ्या प्लाझमिडचे, म्हणजे या प्रथिनाचं जनुक नसलेल्या डीएनए-कड्याचे, जिवाणू वाढवून, फोडून, त्याच रेझिनवरून नेलेला अर्क नियंत्रण म्हणून ठेवतो. त्यात प्रथिन नसतं आणि बाकीची बरीचशी घाण असते. आणि लॅक्टोजचा स्तंभ प्रत्येक प्लेटवर असतो.

स्वच्छ गॅलेक्टिन-३ काहीच करत नाही असं मात्र नाही. नव्या लॉटने मॅक्रोफेज एकमेकांना चिकटून गुच्छ करतात, सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या तासात दिसू लागतं. लॅक्टोज घातलं की गुच्छ सुटतात आणि सुक्रोजने सुटत नाहीत. पूर्वीही हे दिसत असणार, पण आमचं सगळं लक्ष पिवळ्या रंगाकडे होतं.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. नव्या लॉटबरोबर अगदी थोडं एलपीएस घातलं, एकट्याने जेमतेम परिणाम देईल इतकं, तर टीएनएफ एकट्या एलपीएसपेक्षा जास्त येतो. प्रथिन एलपीएसला बांधून ग्राहकाकडे नेत असेल का? की गुच्छ झालेल्या पेशी जास्त हळव्या होतात? सध्या त्या प्लेटवर काम चालू आहे: चार मात्रा एलपीएसच्या, तीन प्रथिनाच्या, प्रत्येकीशेजारी लॅक्टोज आणि सुक्रोज. जुन्या लॉटची उरलेली अर्धी कुपी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे. तिच्या झाकणावर विद्यार्थिनीने ०.७ हा आकडा लिहून ठेवला आहे आणि या प्लेटवर तिचाही एक स्तंभ लावतो.